घरचा वाफा, बाजारचा वाफा

निळ्या डोंगराच्या कुशीत तळवट नावाचं एक इवलंसं गाव होतं. इतकं इवलंसं, की गावाच्या एका टोकाला फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा. तिथे बकुळा नावाची एक मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. तिच्या परकराला तीन ठिगळं होती, पण डोळे टपोरे होते आणि बोलणं गोड होतं. मायलेकींचा एक चिमुकला मळा होता. जांभळी वांगी, हिरवीगार दोडकी, लालचुटूक मिरच्या, सगळ्या रंगांची तिथे नुसती दाटी असायची. दर बुधवारी गावातल्या बाया टोपल्या घेऊन पेठेच्या बाजाराला जायच्या आणि दुपारी रिकाम्या टोपल्या मिरवत परत यायच्या.

आणि मग पेठेत एक लग्न झालं. लग्नाच्या पंगतीत तळवटची वांगी होती. जेवून उठल्यावर वीसेक जणांना उलट्या झाल्या, आणि एक लहान मुलगी तर महिनाभर अंथरुणाला खिळली. तळवटची भाजी विषारी, अशी पेठभर बोंब झाली. तेव्हापासून बायांच्या टोपल्या जशा जायच्या तशाच भरलेल्या परत यायच्या. बकुळाच्या आईने वांगी तर टोपलीत घालणंच सोडून दिलं.

हे बघून वीटभट्टीचा मुकादम मळ्याच्या बांधावर चकरा मारू लागला. त्याला विटांसाठी मळ्याची तांबूस माती हवी होती. कंबरभर माती खणून नेली की तिथे पुन्हा गवताची काडीही उगवत नाही, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. आई बरेच दिवस त्याला नाही म्हणत राहिली. शेवटी ती थकली आणि म्हणाली, येत्या बुधवारीही टोपली विकली गेली नाही, तर गुरुवारी सकाळी फावडी घेऊन या.

मंगळवारी दिवस कलताना बकुळा दोडक्याच्या मांडवाखाली बसून रडत होती. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. एकेक पिवळीधमक पाकळी उलगडत होती, आणि ती बघून तिला आणखीच रडू येत होतं. तेवढ्यात दोन वेलांमधल्या कोळ्याच्या जाळ्यात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. जवळ जाऊन बघते तर काय, बोटभर उंचीची एक परी! पिवळा झिरझिरीत झगा, चंदेरी पंख, आणि पंखांना चिकटलेले जाळ्याचे धागे.

बकुळाने नखाच्या टोकाने एकेक धागा अलगद सोडवायला घेतला. परी कुरकुरली, की एक फटका मारलास तर जाळं तुटेल आणि मी लगेच मोकळी होईन.

"मग कोळ्याला सगळं परत विणावं लागंल," बकुळा म्हणाली. "त्यालाबी पोट हाय."

सुटल्यावर परी फुलाच्या देठावर बसली आणि म्हणाली, "माग काय हवं ते. तीन इच्छा मात्र मागू नकोस. मी आहे बोटभर, माझ्याजवळ एकच असते."

पेठेतल्या लोकांचा आमच्यावर विश्वास बसू दे, असं बकुळाने मागितलं. परीने इवलीशी मान हलवली. कुणाचं मन वळवणं तिच्या हातात नव्हतं. "पण उद्या सूर्य मावळेपर्यंत तू तुमच्या मळ्याची जी गोष्ट सांगशील, ती ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहील," ती म्हणाली. "खरी सांगितलीस तर खरी दिसेल. खोटी सांगितलीस तर तीही तितकीच सुंदर दिसेल, आणि लोकांना फरक कळणार नाही. मात्र एक शब्द जरी खोटा निघाला, तर त्या क्षणापासून तुला कधीच रंग दिसणार नाहीत. बाकी सगळ्यांना दिसतील. फक्त तुला नाही."

बकुळाला हायसं वाटलं. खोटं सांगायचंच कशाला, असं तिला वाटलं.

बुधवारी बाजाराच्या वाटेवर तिने गोष्ट सांगायचा बेत बोलून दाखवला, परीचं नाव न घेता. तेव्हा बायांमधल्या सगळ्यात थोरल्या भागूकाकूने तिला बाजूला घेतलं. "सांग की पोरी, पन घरच्या वाफ्याचं नाव काढू नगं," ती हळूच म्हणाली. बकुळा चालता चालता थांबली. तळवटमध्ये प्रत्येक घरामागे मोरीच्या पाण्यावर एक छोटासा वाफा असायचा. त्याच्यावर कीड मारायचं औषध कधी पडायचं नाही. घरची माणसं त्यातलं खायची. औषध मारलेला मोठा वाफा असायचा बाजारासाठी. पिढ्यानपिढ्या हे असंच चाललं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बाजारात लोक तळवटच्या टोपल्यांना वळसा घालून जात होते. बकुळाने बोलायला सुरुवात केली. आई पहाटे पाटाचं पाणी कसं वळवते, बी कसं रुजतं, पिवळ्या फुलावर मधमाशी कशी डुलत येते, ते ती सांगू लागली. आणि काय नवल, बाजाराच्या धुळीत हिरवा मांडव उभा राहिला. फुलं उमलली, पाणी झुळझुळलं, ओल्या मातीचा वास सुटला. लोक थबकले, जवळ आले. दोन बायांनी तर पिशव्याही उघडल्या. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

इतक्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. तिचं नाव द्वारकाबाई.

"गोष्ट छान आहे तुझी," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. तुम्ही घरी यातलंच खाता?"

भागूकाकूने नजर खाली वळवली. आईने बकुळाचा हात घट्ट धरला. बकुळाला लख्ख कळलं, की नुसतं 'हो' म्हटलं तर मळा वाचेल. रंग तिचे एकटीचे जातील. वांगी काळी दिसतील, फुलं राखाडी दिसतील, पण आईला भट्टीवर विटा वाहाव्या लागणार नाहीत. तिने मनातल्या मनात पिवळ्या रंगाचा निरोप घेतला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात द्वारकाबाईच्या पदराआडून एक मुलगी डोकावली. हाताच्या काड्या झालेल्या, गाल बसलेले. लग्नात आजारी पडलेली हीच ती मुलगी, हे बकुळाला कुणी सांगावं लागलं नाही. टोपलीतल्या कोवळ्या दोडक्यांकडे ती भीत भीत बघत होती. आपण 'हो' म्हटलं तर ही विश्वास ठेवून खाईल, आज, उद्या, कधीही, आपण देऊ ते खाईल.

"न्हाई," बकुळा म्हणाली. "आमी घरच्या वाफ्यातलं खातो. बाजारचा वाफा येगळा. आन त्या लग्नाची वांगी आमचीच व्हती. सोमवारी औषध मारलं आन बुधवारी तोडली. औषधात घालायला पानी मीच आनून दिलं व्हतं."

लोकांना तेही सगळं दिसलं. आईच्या पाठीवरचा पंप, जांभळ्या वांग्यांवर बसलेले पांढरे थेंब, दोनच दिवसांनी तोडणारे हात. उघडलेल्या पिशव्या मिटल्या आणि गर्दी पांगली. आई उठून उभी राहिली आणि द्वारकाबाईला म्हणाली, चूक माझीच आहे, पोरीला बोल लावू नका. मुलीचं बोट धरून द्वारकाबाई निघून गेली.

परतीच्या वाटेवर बकुळाशी कुणी बोललं नाही. आई बोलली नाही, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. पण घरी पोचल्यावर आईने टोपली ठेवली, कुदळ उचलली आणि मोरीमागचा घरचा वाफा खणून टाकला. "आता एकच वाफा," ती म्हणाली. "आपन खाऊ तेच इकू." कुदळीचा आवाज ऐकून भागूकाकू आली. तिने खणलेला वाफा बघितला आणि ती आपली कुदळ आणायला गेली.

गुरुवारी सकाळी मुकादम चार माणसं आणि फावडी घेऊन हजर झाला. आईने शब्द दिला होता, तेव्हा आता बोलायला जागा नव्हती. बकुळा वांग्याच्या ओळीपुढे हात पसरून उभी राहिली, आणि पहिलं फावडं मातीत रुतलं.

तोच बांधावरून हाक आली. द्वारकाबाई लेकीला घेऊन चालत आली होती.

"काल हिने हो म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता," ती आईला म्हणाली. "हिला पुन्हा भरलं वांगं खावंसं वाटतंय. द्या पावशेर."

महिन्याभरात दारी आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मुकादम फावड्यावर टेकून बघत होता. आईने झाडावरच्या तुकतुकीत वांग्याला हात लावला आणि तो मागे घेतला.

"आज न्हाई देनार," ती म्हणाली. "सोमवारी औषध पडलंय याच्यावर. आठ दिस जाऊ द्या. म्होरल्या बुधवारी या, आमीबी तवाच खाऊ."

द्वारकाबाई तिच्याकडे एकटक बघत राहिली. मग ती बांधावर टेकली आणि मुकादमाकडे वळून म्हणाली, "बुधवारी मी जेवायला येणार आहे इथे. गल्लीतल्या दहा बायकांना घेऊन. तेव्हा ही फावडी उचला."

आईने अजून त्याचा एक पैसाही घेतला नव्हता आणि आता तिनेही मान हलवून नाही म्हटलं, तेव्हा मुकादम पुटपुटत गेला. आईने बकुळाला इतकं घट्ट मिठीत घेतलं, की तिला श्वास घेता येईना.

वेलावर परी बसली होती. बकुळाने तिला कुजबुजत विचारलं, "आज बाईंना काय दाखवलंस तू?"

"मी? काहीच नाही," परी हसली. "माझी जादू काल सूर्याबरोबरच मावळली. आज बाईंनी पाहिलं ते तुझ्या आईलाच."

एवढं बोलून तिने पंख पसरले. सोनेरी, केशरी, हिरवा, जांभळा, सगळे रंग एकदम लखलखले, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. बकुळाने डोळे चोळले. मळा होता तिथेच होता. बांधावर द्वारकाबाईची लेक तिच्या आईला विचारत होती, की बुधवार यायला किती दिवस राहिले.