भिवा सुताराचा खांदा

काळंबी नदीवर पूल नव्हता आणि शेवरे गावात जायचं तर होडीतूनच जावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते कधीच गेले, त्यांची नातवंडंही गेली. गोष्ट मात्र अजून नदीकाठीच राहते, असं म्हणतात.

शेवरे हे होड्या बांधणाऱ्यांचं गाव. तिथल्या सुतारांना एकच गोष्ट ठाऊक होती, फळीला फळी अशी भिडवायची की मध्ये केस शिरता कामा नये. जिथं जरा उघडं दिसेल तिथं काथ्या ठासायचा आणि वरून राळ ओतायची. होडीत फट राहिली तर माणसं बुडतात, म्हणून त्या गावात फट हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नसे.

दर श्रावणात नदी गावात शिरायची. मग माणसं माडीवर चढायची आणि माडीच्या सज्ज्यावर येऊन उभी राहायची. सज्जा म्हणजे माडीला बाहेरून जोडलेली लाकडी ओसरीच. होडी थेट सज्ज्याला लागायची आणि एकेकाला उचलून देवळाच्या टेकडीवर नेऊन सोडायची. इतर गावांत सज्जा हौसेला असतो, शेवऱ्यात तो पुराच्या दिवसाचा दरवाजा होता.

हे सगळे सज्जे भिवा सुतारानं बांधले होते. त्याच्या सज्ज्याला खाली खांब नसायचा. तुळयांची डोकी भिंतीत खोल घुसवलेली आणि भोवती चुना इतका ठासलेला की सज्जा भिंतीतूनच उगवला आहे असं वाटावं. कुठलंही लाकूड हातात घेतलं की भिवा आधी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. लाकूड त्याला आपलं दुखणं सांगायचं, असं म्हणतात.

भिवाला बायको नव्हती. एकच लेक होती, येसू. ती नदीकडच्या आळीत गोंदाजीच्या घरी दिली होती. गोंदाजी होड्या बांधणाऱ्यांत पहिला. येसूचा नवरा, गोंदाजीचा लेक, त्या होड्या घेऊन बंदराला जायचा तो कित्येक आठवडे परतायचा नाही. लेकीच्या लग्नात भिवानं त्या घराला सज्जा बांधून दिला, गावात सगळ्यांत रुंद. येसू संध्याकाळी तिथं बसून केस विंचरायची आणि खालून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "बापानं लेकीला पालखीतच बसवलीय बाई."

भिवा लेकीकडे येई, पण लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नसे, तशी रीत होती. उन्हातून आला तरी तो घसा कोरडा ठेवूनच उठायचा.

"नातवंड होऊ दे," तो हसून म्हणायचा. "मग अख्खी कळशी लावतो तोंडाला."

दोन पावसाळे गेले आणि येसूच्या उशाकडची भिंत काळवंडली. आधी तळहाताएवढा डाग होता, मग तो परातीएवढा झाला. भिंतीला हात लावला की चुना ओल्या पिठासारखा बोटांना यायचा. ट्रंकेतल्या लुगड्यांना कुबट वास सुटला. एका सकाळी तुळई जिथं भिंतीत शिरत होती तिथं पांढऱ्या अळंब्या उगवलेल्या तिनं पाहिल्या, छोट्या छोट्या, कान असावेत तशा. बाप आला तेव्हा तिनं त्या त्याला दाखवल्या.

भिवानं तुळईवर टकटक केली. पुन्हा केली. मग दाभण काढून लाकडात टोचलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेरून तुळई अजून तेल लावल्यासारखी चमकत होती.

तो तडक घरी गेला आणि त्यानं आपल्याच घराची भिंत फोडली. तुळईचं डोकं त्याच्या हातात आलं ते भिजलेल्या भाकरीसारखं, आणि बोटांतून खाली गळलं. तेव्हा त्याला कळलं. पाऊस भिंतीवरून ओघळत यायचा, सज्ज्यावर अडायचा, लाकडाच्या कडेकडेनं आत जायचा. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. इतकं घट्ट काम त्याचं. गावातला एकेक सज्जा त्यानं असाच बांधला होता. त्या दिवशी भिवाच्या चुलीतून धूर निघाला नाही.

मग त्यानं आपला सज्जा भिंतीपासून कापून वेगळा केला. पुढं-मागं खांब दिले, खांबांखाली दगड दिले. भिंत आणि सज्जा यांच्यात बोटभर फट ठेवली. फळ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला आणि वर भिंतीत तिरकी कौलं बसवली, म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी फटीपर्यंत पोचणारच नाही, आणि पोचलंच तर सरळ खाली पडून जाईल.

लोक बघायला आले आणि पोट धरून हसले.

"भिवाचा सज्जा घरावर रुसलाय रे!"

"रुसला नाही, काडीमोड घेतलाय!"

भिवा दारोदार गेला. सज्जे उतरवू द्या, मी पुन्हा बांधून देतो, म्हणून हात जोडले. कुणी कवाड उघडलं नाही, कुणी उघडून लाकडावर थाप मारून दाखवली, "बघ की, कसं खणखणीत आहे." शेवटी तो गोंदाजीसमोर येऊन उभा राहिला.

"व्याहीबुवा, माझंच काम आहे. मीच सांगतोय, सडलंय ते."

गोंदाजी नव्या होडीत काथ्या ठोकत होता. "भिवा, होडीला फट ठेवतोस का रे तू?"

"होडीच्या बाहेर पाणी असतं, ते आत येऊ द्यायचं नाही. इथं ते आत शिरून बसलंय. त्याला बाहेर जायला वाट नको?"

"सुताराच्या घराचा सज्जा सुतारानंच तोडायचा? उद्या माझ्या होडीत पाय कोण ठेवील?"

दुसऱ्या दिवशी गोंदाजीनं स्वतः सज्ज्यावर चढून भिंतीच्या कडेला काथ्या ठासला आणि राळ ओतली. त्या वर्षी येसूची भिंत आणखी काळी झाली.

भिवा ऐकेना. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं सागाचे खांब गाडीवर घालून आणले आणि कुणाला न विचारता त्या सज्ज्याखाली उभे केले. बरीच माणसं जमली. "गोंदाजी, घराला काठी टेकायला दिलीस का रे? म्हातारं झालं वाटतं घर!" कुणीतरी ओरडलं. गोंदाजीचा चेहरा उतरला. त्यानं खांब ओढून काढायला लावले आणि सगळ्यांसमोर सुनेला हाक मारली, "येसू, तुझ्या बापाला तूच सांग."

येसूला तेव्हा दिवस गेले होते. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. बापाकडे मात्र तिला बघता येईना.

"आबा," ती म्हणाली, "आता येऊ नका तुम्ही. मला या घरात राहायचंय."

भिवानं मान हलवली. दाभण, वाकस, करवत गोळा केली. खांबांखालचे दगड जड होते, ते तिथंच राहिले. जाताना तो एवढंच म्हणाला, "खांब कोरड्यात ठेव, पोरी."

पण खांब कोरड्यात राहिले नाहीत. लाकूड चांगलं होतं. गोंदाजीनं ते कापून नव्या होडीला लावले.

आणि भिवा आला नाही. वटपौर्णिमेला नाही, आषाढीला नाही. येसू सज्ज्यावर बसून वाट बघायची, आणि मग तिला आठवायचं की आपणच सांगितलं होतं.

श्रावण आला. नदी इतकी चढली की तसा पूर आधी कुणी पाहिला नव्हता आणि पुढंही पाहिला नाही, असं म्हणतात. भर दुपारी अंधारून आलं. एकेका घराचा सज्जा करकरला आणि गळून पाण्यात पडला. ज्यांचे पडले ते आळीतल्या छपरांवरून सरकत गोंदाजीच्या माडीत आले, कारण त्या आळीत तोच सज्जा तेवढा उरला होता. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळी त्यावर दाटीनं उभी राहिली. गोंदाजी खाली नवी होडी सोडत होता.

तेवढ्यात येसूच्या पायाखाली सज्जा कलला. भिंतीतून ओला, लिबलिबीत आवाज आला आणि घर व सज्जा यांच्यात फट पडली. त्या फटीतून तिला खाली गढूळ पाणी दिसलं. सगळ्यांनी एकदमच डोळे मिटले.

पण सज्जा पडला नाही. कलता कलता थांबला.

येसूनं गुडघ्यांवर बसून फळ्यांमधून खाली पाहिलं. तेव्हाची घरं ठेंगणी, दगडावर उभं राहिलं तर माणसाचा खांदा माडीच्या तुळईला लागे. खांबाखालच्या त्या दगडावर, छातीभर पाण्यात, तुळई खांद्यावर घेऊन भिवा उभा होता. खांब होडीत गेले होते आणि खांबाच्या जागी माणूस उभा राहिला होता.

"आबा!"

"हलू नकोस," तो म्हणाला. "आधी म्हाताऱ्यांना दे."

होडी लागली. एकेक जण उतरत गेला. एका होडीत सगळे मावले, अजून जागा उरली. ती होडी त्या दिवशी ओल्या चामड्यासारखी ताणली गेली, असं म्हणतात. पाणी चढत होतं. शेवटी सज्ज्यावर येसू एकटी राहिली.

"आबा, आता सोडा. या होडीत."

"मी सोडलं तर हा तुझ्यावर पडेल. तू उतर आधी."

"तुम्ही आल्याशिवाय नाही उतरणार."

पाणी भिवाच्या हनुवटीला लागलं. जो बाप लेकीच्या घरचं घोटभर पाणी प्यायला नव्हता, त्याच्या ओठांपर्यंत तिच्या अंगणातलं पाणी आलं. आता त्याला बोलता येईना. त्यानं हात वर केला आणि बोटाच्या पेरानं खालून फळीवर टकटक केली. नेमकी येसूच्या पायाखाली.

गोंदाजीनं सुनेला हाताला धरून होडीत ओढलं. होडी वळली, तेव्हा त्या पांढऱ्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. टकटक मात्र चालूच होती. होडी टेकडीला लागेपर्यंत येसूला ती ऐकू येत होती, असं म्हणतात.

पूर ओसरला तेव्हा भिवाच्या घरचा सोडला तर अख्ख्या गावात एकच सज्जा उभा होता, गोंदाजीच्या घराचा, भिंतीपासून बोटभर सुटलेला. त्याच्याखाली, दगडावर, एक लाकडाचा ओंडका ताठ उभा होता. त्याच्यावर ना कुऱ्हाडीचा घाव, ना करवतीची रेघ. वरच्या टोकाला एक खोलगट खळगा होता, ओझं वाहून वाहून माणसाच्या खांद्याला पडतो तसा. कुणी म्हणतं नदीनं तो ओंडका वाहून आणला. कुणी काहीच म्हणत नाही. भिवा सापडला नाही, कुठल्याच गावाच्या काठाला लागला नाही.

गोंदाजीनं पुन्हा होडी बांधली नाही. घरोघरी जाऊन तो भिंतीपासून सुटे सज्जे उभे करत राहिला, आणि कुणी काही विचारलं तर मान खाली घालायचा.

पुढच्या पावसात येसूच्या उशाकडची भिंत सुकली. तिनं तिच्यावर हात ठेवला. बोटांना काहीच आलं नाही. ती कोरडी भिंत तिला सोसेना, म्हणून ती अंथरूण घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि आयुष्यभर तिथंच झोपली. त्या पावसाआधीच तिला मुलगा झाला होता. बारशाच्या दिवशी तिनं भरलेली कळशी ओंडक्याजवळ नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत बसून राहिली. कळशी भरलेलीच राहिली. मग डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून तिनं त्या खळग्यात ठेवली.

शेवऱ्यात अजूनही कुठलाच सज्जा घराला चिकटून बांधत नाहीत. सकाळी त्या बोटभर फटीतून उन्हाची एक बारीक पट्टी अंगणात पडते, तिला भिवाची रेघ म्हणतात, आणि मुलं ती ओलांडून जातात, तिच्यावर पाय देत नाहीत. लेकीचा बाप आला तर त्याला दारातच पाणी देतात. मूल झालंय का, हे कुणी विचारत नाही. तो प्याल्याशिवाय त्याला आतही घेत नाहीत.

आणि चैत्रात प्रत्येक घरची बाई सज्ज्याच्या खांबाच्या माथ्याला चुंबळ बांधते, म्हणजे त्याच्या खांद्याला रुतायला नको. पाऊस लागायच्या आत ती आठवणीनं सोडून घेतात. ओलं कापड लाकडाला चिकटून राहिलेलं त्याला चाललं नसतं.