कुंडीचा फाटका काठ

एका जुन्या पेठेत एक कासार राहत होता. मुकुंदशेठ त्याचं नाव. पितळेची भांडी विकावीत तर त्यानेच. तांब्या असो की परात, गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तो काठावरून स्वतःचा अंगठा फिरवून बघायचा. "माझ्या भांड्याने कुणाचा हात कापता कामा नये," असं मोठ्या अभिमानाने सांगायचा.

दुकानासमोर नगरपालिकेची लोखंडी कचराकुंडी होती. तिच्या शेजारी गोदाक्का हार ओवत बसायची. दिवसाचा पहिला हार मुकुंदशेठच्या गादीमागच्या देवाला. एकदा कचऱ्याच्या गाडीचा धक्का बसला आणि कुंडीचा काठ फाटून पत्रा पात्यासारखा वर आला. वाकडी कुंडी गाडीच्या आकड्यात बसेना, त्यामुळे कचराही ओसंडून रस्त्यावर यायला लागला.

गोदाक्का म्हणाली, "शेठ, पालिकेत तुमचा शब्द ऐकतात. कुंडीचं तेवढं सांगा ना."

"सांगतो की! उद्याच सांगतो."

पालिकेची कचेरी चौकापलीकडे, दुकानातून दिसायची. पण शेठला वाटलं, सरकारी काम अन् सहा महिने थांब. शिवाय एकदा तोंड उघडलं की पेठेची सगळी गाऱ्हाणी आपल्याच गळ्यात. मग त्याने काय करावं? नोकराकडून कुंडीच फिरवून घेतली. फाटका काठ गेला गोदाक्काच्या बाजूला आणि दुकानातून कुंडी कशी छान दिसू लागली. शहाणाच तो!

गोदाक्का बिचारी भोळी. कुणी कुंडीवरून कुरकुरलं की म्हणायची, "शेठनी सांगितलंय. होईल आता." तक्रार करायला निघालेलेही मग माघारी फिरले.

एका सकाळी देठ आणि पाला कुंडीत दाबताना तो पत्रा तिच्या अंगठ्यात खोल शिरला. घाणीने जखम चिघळली. अंगठा वाचला, पण कायमचा ताठ झाला. सुई धरवेना.

हे कळताच मुकुंदशेठ तडक कचेरीत गेला. कारकून म्हणाला, "अहो, आम्हाला कुणी सांगितलंच नाही." दुसऱ्याच दिवशी नवी कुंडी आली. ती पाहून शेठला रडू फुटलं.

गोदाक्का परतली ती सुटी फुलं विकायला. म्हणाली, "तुम्ही तर सांगितलं होतंत, शेठ. त्या मेल्या पालिकेनेच ढिलाई केली."

आता शेठला राहवेना. "गोदाक्का, मी सांगितलंच नव्हतं."

तिने चौकापलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "लांब होती का हो कचेरी?"

अजूनही भांड्याचा काठ तपासताना शेठचा अंगठा मध्येच थांबतो. मागे देवापुढे ओंजळभर सुटी फुलं असतात.

तात्पर्य: सर्वांच्या वापरातली वस्तू मोडलेली दिसली, तर जिथे सांगायचं तिथे वेळेवर सांगावं. 'सांगतो' म्हणून न सांगणारा स्वतः तर गप्प बसतोच, पण जे सांगणार होते त्यांनाही गप्प बसवतो.