भिंतीवरच्या नद्या

फार जुनी गोष्ट. चीनमधल्या लिनबाई वैद्यांकडे दुखणं घालवायला अंगात टोचायची एक नवीकोरी सुई आली. भिंतीवर माणसाचं जुनाट चित्र होतं, त्याच्या अंगभर प्राण वाहणाऱ्या नद्या काढलेल्या.

"आजोबा, शरीर उघडून पाहिलं तरी या नद्या कुणाला सापडल्या नाहीत. तुमची जागा आता चुलीत!" सुई फणकारली.

"नसतील सापडल्या," चित्र शांतपणे म्हणालं.

तेवढ्यात डोकं गच्च धरून एक कुंभार आला. सुई कपाळात शिरायला टपलीच होती; पण लिनबाईंनी चित्राकडे नजर टाकली आणि तिला रोवलं थेट त्याच्या पायाच्या बोटांमध्ये! थोड्या वेळानं कुंभार चक्क घोरू लागला.

सुईनं हळूच विचारलं, "दुखत होतं डोकं, मग बाई पायापर्यंत पोचल्या कशा?"

चित्र हसलं. "त्या न सापडलेल्या नदीच्या काठाकाठानं."