भंडार न उचललेली आनसा

फार वर्षांपूर्वी, खानदेशातल्या नद्यांवर दगडी बंधारे नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. उंबरसोंड गावात बंधाऱ्याचं पाणी एकाच पाटानं शेतांना मिळायचं. ते वाटण्याचं काम पाटकऱ्याचं. वरच्या शेतापासून सुरू करायचं आणि शेवटच्या शेतापर्यंत जायचं. भिजलेल्या मातीत काठी खुपसायची. ती वीतभर सहज रुतली, की त्या शेताचं तोंड बांधायचं आणि पुढचं उघडायचं.

दरवर्षी पाटकरी खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शपथ घ्यायचा, की पाणी सारखं वाटीन. शपथ झाली, की गाव निर्धास्त. एका पाटकऱ्यानं ही शपथ घेतली आणि दौलत पाटलाच्या उसाला दोनदा पाणी पाजलं. खालचा हरभरा वाळून गेला. पुढच्या वर्षी वडीलधाऱ्यांनी पुन्हा त्याच्याच हातात भंडार ठेवला.

तो पाटकरी वारला. त्याच्यामागं पाटाची खडान्‌खडा माहिती एकाच माणसाला होती, त्याच्या बायकोला, आनसाला. असं म्हणतात, की ती पाटाच्या दगडाला कान लावून बंधाऱ्यात किती पाणी उरलंय ते सांगायची.

पाटलानं तिला देवळात बोलावलं. "आनसा, भंडार उचल आणि लाग कामाला."

"नाही उचलत, पाटील," आनसा म्हणाली. "देव आहे का नाही, मला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्यानं उचलला, तेव्हा मी शेजारीच उभी होते."

पाटील पागोटं सारखं करू लागला. देवळाचा नथू गुरव मात्र भडकला. त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी होतं आणि आनसाचं त्याच्या लगेच वर. "जिला देवाचं भय नाही, ती आधी आपलंच रान भिजवील," तो म्हणाला.

"भिजवीनच की. माझं रान तुझ्या आधी लागतं. तुला वर सरकायचं असेल तर शेत उचलून ने."

लोक हसले. पण दुसरं जाणतं माणूस नव्हतं, म्हणून पंचांनी तिला काम दिलं आणि अट घातली. कुणाचं शेत कमी भिजलं आणि त्यानं तक्रार केली, तर काम जाईल आणि आनसाचं शेतही देवळाच्या नावे होईल. आनसाकडे त्या शेतावाचून काही नव्हतं. घरात एक मुलगी होती. आनसानं अट मान्य केली.

त्या वर्षी पाऊस थोडा झाला. गव्हाला तीनदाच पाणी मिळणार होतं. दुसऱ्या पाण्याच्या वेळी मुलगी तापानं फणफणली होती. गुरवाच्या शेतात माती वरून चकाकत होती. ते पाहून आनसानं काठी न खुपसताच तोंड बांधलं आणि ती घराकडे पळाली.

मुलगी बरी झाली. पंधरा दिवसांनी आनसा त्या शेतात गेली. गहू पिवळा पडला होता. गुरवाला वाटलं, तांबेरा पडला, आणि तो देवाला नवस बोलून मोकळा झाला. खरं काय ते आनसाशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

तिसऱ्या पाण्याला बंधारा तळाला गेला. असं म्हणतात, की आनसानं दगडाला कान लावला आणि तिला कळलं, एकाच शेतापुरतं पाणी उरलंय. तेव्हा पाणी तिच्याच शेताच्या तोंडाशी पोचलं होतं. तिनं ते उघडलं नाही. पाणी पुढं गुरवाच्या शेतात गेलं. असं म्हणतात, की शेवटच्या सरीचं शेवटचं ढेकूळ भिजलं आणि त्याच क्षणी पाट कोरडा पडला.

मग ती चावडीवर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दुसऱ्या पाण्याला मी नथूच्या शेतात काठी खुपसली नाही. चूक माझी. शेत घ्यायचं तर घ्या."

गुरवानं विचारलं, "शपथ नाही, साक्षी नाही. मग कुणाच्या भयानं सांगितलंस?"

"तुझा गहू पिवळा पडला होता," आनसा म्हणाली.

गुरव म्हणाला, "माझी तक्रार नाही."

आनसाचं पीक करपलं. सुगीत गावानं तिच्या दारात पेंढ्या आणून टाकल्या. असं म्हणतात, की त्यांच्या ढिगाआड तिचं घर आठ दिवस दिसत नव्हतं. वडीलधारे म्हणू लागले, खंडोबानंच तिला बुद्धी दिली. आनसानं ते ऐकलं आणि म्हणाली, "मग पाटलाच्या उसाच्या वेळी कुठं गेला होता?" पुढं वीस वर्षं तिनं पाणी वाटलं, भंडार न उचलता. ती गेल्यावर म्हाताऱ्यांनी पाटाच्या मुखाशी तिच्या नावाचा धोंडा बसवून त्याला शेंदूर फासला. तिच्या मुलीनं तो घासून धुतला.

उंबरसोंडला अजूनही पाटकरी शपथ घेत नाही. शेवटचं पाणी संपलं, की तो चावडीवर येतो आणि कुणाचं शेत कुठं कमी भिजलं ते आपल्या तोंडानं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही. पुढच्या वर्षी त्या शेताला पहिलं पाणी मिळतं. आणि एखादा पाटकरी म्हणाला, की माझी काहीच चूक झाली नाही, तर गाव त्याला नारळ देऊन दुसरा पाटकरी शोधतं.