मिटल्या डोळ्यांचा कौल

हत्तींना सावलीसाठी हत्तीखाना बांधायचा म्हणून राजाला साळ्यांची, म्हणजे विणकरांची, आख्खी आळी पाडायची होती. त्यानं दरबाराला विचारलं आणि सगळ्यांचे हात वर झाले.

"एकमत आहे. उद्या घरं रिकामी करा," राजा म्हणाला.

गयाबाई साळीण संतापून पुढे आली. "चुलीत घाला असलं एकमत. सगळ्यांनी डोळे मिटा, महाराज, तुम्हीसुद्धा. मग करा हात वर."

राजानं हसत डोळे मिटले आणि हात उंचावला.

"आता उघडा."

भरल्या दरबारात राजाचा एकट्याचाच हात वर होता. राजा बघतोय हे दिसताच प्रधानाचा हात लगबगीनं वर जाऊ लागला.

"राहू द्या, प्रधानजी," गयाबाई कडाडली. "मघाशी महाराजांनी मोजली ती मतं नव्हती, भीती होती."

राजाचा हात हळूहळू खाली आला.