येसबाची शीळ

डोंगराला पाठ टेकून बसलेल्या एका गावात येसबा नावाचा एक गवळी राहायचा. दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. एक त्याचं दही आणि दुसरी त्याची शीळ. दही एवढं घट्ट, की मडकं उपडं केलं तरी दही जागचं हलत नसे. आणि शीळ अशी, की संध्याकाळी येसबाने ओठांचा चंबू केला की डोंगरावरच्या गाई तोंडातला घास टाकून घराकडे धावत सुटायच्या. एकदा म्हणे वाटेने वरात चालली होती. शीळ ऐकून नवरदेवाचा घोडाच येसबाच्या गोठ्यात शिरला आणि शेवटी लग्न तिथेच लावावं लागलं. ही हकिकत खुद्द येसबा सांगायचा, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही.

एकदा येसबाची दाढ ठणकू लागली. गाल फुगून भोपळा झाला. शेवटी वैद्यबुवांनी गुडघा रोवून ती दाढ उपटली. खड्ड्यावर स्वच्छ फडक्याची घडी ठेवली आणि ती दाताखाली दाबून धरायला सांगितली. मग म्हणाले, "येसबा, दुधाला विरजण लावल्यावर तू काय करतोस?"

तोंडात घडी होती. येसबाने हातानेच दाखवलं, मडक्याला कुणाला बोट लावू देत नाही.

"मग हेही तसंच. त्या खड्ड्यात रक्त साकळेल. ते हललं तर आतलं हाड उघडं पडेल आणि आजचं दुखणं परवडलं म्हणशील, अशी कळ निघेल. थुंकू नकोस, चोखू नकोस, जीभ लावू नकोस. तंबाखूची चंची मला देऊन जा. गार दहीभात खा, दुसऱ्या बाजूने. आज चूळही भरू नकोस. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात धरायचं आणि अलगद सोडायचं. आणि बरं होईपर्यंत शीळ बंद."

येसबाने चंची काढून दिली आणि मनाशी गाठ मारली. जो माणूस बायकोची सावलीसुद्धा विरजणावर पडू देत नाही, त्याला स्वतःचं तोंड राखता येणार नाही होय?

दुपारी गाव समाचाराला लोटलं. आपल्याकडे कुणाचा दात काढला की खड्डा बघितल्याशिवाय समाचार पुरा होत नाही. जो तो म्हणे, आ कर बघू. कुणी मिश्री लावायला आणली, कुणी गरम विटेने शेकायचा आग्रह धरला, एकाने तर काडीने साफ करून देण्याची तयारी दाखवली. येसबाने तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवत राहिला.

खरी परीक्षा संध्याकाळी आली. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं, तरी गाई खाली उतरेनात. त्यातून पलीकडच्या रानात वाघ आल्याची बोलवा होती. अंधार पडला की संपलंच. आणि कळपात गाभण कपिला होती. येसबा ओट्यावर येरझाऱ्या घालू लागला.

शेजारचा खंडूतात्या कुंपणाला रेलून म्हणाला, "मार की एक शीळ. दाढ काढलीय, जीभ नाही काढली. वैद्य काय येतोय गाई हाकायला?"

येसबाने घडी काढली. ओठांचा चंबू केला. छाती भरून घेतली.

"खबरदार," त्याची बायको ठकू म्हणाली. "माझ्या हातून विरजण हललं तर आठ दिवस बोलत नाही तुम्ही माझ्याशी. बसा तिथे. गाई मी आणते."

तुझं कोण ऐकणार, असं येसबाने हातवारे करून विचारलं. ठकू घमेलं आणायला आत गेली. तो मात्र ओट्यावर बसला. कसा बसला ते त्यालाच ठाऊक. शीळ ओठांशी येऊन धडका देत होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. म्हणाला, मनातच म्हणाला, आज डोंगर खाली आला तरी फुंकणार नाही.

ठकूने घमेल्यात भिजवलेली पेंड घेतली, गोठ्याच्या दाराशी उभी राहिली आणि पळीने घमेलं बडवलं.

डोंगरावर एक घंटा वाजली. मग दुसरी. मग सगळा कळप धूळ उडवत खाली आला. कपिला सगळ्यांत पुढे, पोट सांभाळत. येसबाकडे एकीनेही वळून पाहिलं नाही. सगळ्यांची तोंडं घमेल्यात. वाघही आला होता म्हणतात, पण पेंड बघून तोंड वाकडं करून परत गेला.

येसबाचे डोळे विस्फारले.

"रोज तुम्ही शीळ घालायचात, तेव्हा मी हेच करत होते," ठकू म्हणाली. "तुमचं लक्ष डोंगराकडे असायचं. घ्या, दहीभात गार झालाय."

त्या दिवशी येसबाला दोन जखमा झाल्या. तोंडातली न हलवल्यामुळे दह्यासारखी छान धरली आणि लवकर भरून आली. दुसरीला जरा वेळ लागला. वैद्यबुवांनी परवानगी दिली, तेव्हा येसबाने पहिली शीळ घातली. डोंगरावर एकाही गाईने मान वर केली नाही. मग त्याने मुकाट्याने आत जाऊन ठकूकडून घमेलं मागून घेतलं.

तात्पर्य: आपल्यावाचून सगळं अडेल, असं समजून दुखण्यातून लवकर उठू नये. आपलं काम चार दिवस दुसरं कुणी करील. आपली जखम मात्र आपल्यालाच राखावी लागते.