येईल आणि लागेल

देशात हवामानबदलाचा नवा कायदा झाला, तेव्हा पिंपळझरीच्या सरपंच सुमित्राबाई कोहळे हरखल्या. गावच्या बाजारात भाजीवाल्या बाया भर उन्हात बसत. मे महिन्यात दोघी भोवळ येऊन पडल्या होत्या. समोरच कडुलिंबांची गार सरकारी जागा कुलूपबंद पडून होती. ती बाजाराला मिळावी, असा ठराव बाईंनी पाठवला.

प्रांतसाहेब जातीनं ग्रामपंचायतीत आले. खुर्चीत रेलून त्यांनी कायद्यावर बोट ठेवलं. "बाई, नीट वाचा. उन्हापासून बचावासाठी ग्रामपंचायतीला जागा 'देता येईल' असं लिहिलंय. 'द्यावी लागेल' असं नाही. येईल आणि लागेल यात फरक असतो."

"असतो ना," बाई म्हणाल्या.

एक वाजला. शेजारच्या खोलीतून पाटवडीच्या रश्श्याचा वास दरवळला. ड्रायव्हर, शिपाई, तलाठी सगळे पानावर बसले. साहेबांना मात्र कुणी बोलावेना. दीड वाजता साहेब खाकरले. "जेवणाचं कसं काय?"

सुमित्राबाईंनी ठरावाचं रजिस्टर उघडून पुढं ठेवलं. "आमचा जुना ठराव आहे, साहेब. गावात आलेल्या अधिकाऱ्याला जेवण 'देता येईल'. 'द्यावं लागेल' असं नाही."

साहेबांनी ठराव वाचला आणि ते पोट धरून हसले. खिशातलं पेन काढून त्यांनी जागेच्या कागदावर सही केली.

"आता?" त्यांनी विचारलं.

बाई पदर खोचून उठल्या. "आता तुम्हाला जेवावंच लागेल."